गाडी बसकी हवी, पण आईची कंबर शाबूत राहायला हवी

खड्डेश्वर · ९ जानेवारी, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकतो. माझ्याकडे २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे. सेकंडहँड घेतली, पण आधीच्या मालकाने एक नटसुद्धा न छेडलेली. गाडीवर जीव आहे. फक्त बाजूने बघितली की टायर आणि मडगार्डच्या कमानीमधली फट दिसते आणि मूड जातो. पुढे चार बोटं आडवी आरामात जातात. सोसायटीतलं मांजर पावसाळ्यात त्या टायरवर चढून झोपतं. फोटो आहे, मागाल तर टाकतो.

तर गाडी थोडी खाली घ्यायची आहे. 'थोडी' हा शब्द ठळक वाचावा. रीलमधल्यासारखी रस्त्याला चाटणारी नको.

अडचण अशी, की दर दुसऱ्या शनिवारी पुणे ते सातारा असतं आणि मागच्या सीटवर आई असते. वय ६८, कंबरेचं जुनं दुखणं. पायाशी कडीचा स्टीलचा डबा, त्यात मावशीसाठी आमटी. पोचल्यावर झाकण उघडून आतल्या बाजूला आमटी कुठवर उडाली आहे हे ती आधी बघते, आणि त्यावरून माझ्या ड्रायव्हिंगचा निकाल लागतो. आजवरचं प्रगतिपुस्तक बरं आहे.

तीन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला, स्प्रिंगची एक-एक रिंग कापतो, दोन तासांत गाडी घेऊन जा. दुसऱ्याने ४० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगा दाखवल्या आणि 'कम्फर्टला काऽही होत नाही साहेब' हे वाक्य पाच मिनिटांत चार वेळा म्हटलं. एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते म्हणजे काहीतरी होत असणार. तिसऱ्याने कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) आकडा सांगितला, तो ऐकून मी पाणी मागितलं.

मला कळायचं आहे ते एवढंच: गाडी खाली घेतल्यावर कम्फर्ट नेमका कशामुळे जातो? स्प्रिंग कडक होते म्हणून, की आणखी काही आहे? आणि तो न घालवता किती खाली जाता येतं?

—

साधा_माणूस · ९ जानेवारी, रात्री ११:५८

लोक गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स वाढावा म्हणून स्पेसर टाकतायत आणि तुम्ही कमी करताय. पुण्यात. दंडवत घ्या.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.)

—

नाना_फिटर · १० जानेवारी, सकाळी ७:१५

भावा, रिंग कापायच्या नादाला लागू नकोस. मी स्वतः कापल्यात म्हणून सांगतोय, ऐकीव न्हाई. कोल्हापुरात एक काळ असा होता की दर रविवारी एक तरी पोरगं एस्टीम नाहीतर सिटी घेऊन यायचं, 'नाना, खाली घ्या.' ग्राइंडर लावायचा, रिंग उडवायची. दिसायला गाडी नाद खुळा.

पण मग काय व्हायचं बघ. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीत बसेल असं वळवलेलं असतंय. कापलेलं टोक बसत न्हाई, ते वाटीत फिरतंय. वळण घेताना 'टंग' असा आवाज. जॅकवर चढवली की चाक लोंबतंय आणि स्प्रिंग आत सैल खुळखुळ्यासारखी. एखाद्या उडवणाऱ्या स्पीडब्रेकरवर चाक असंच लोंबलं आणि स्प्रिंग जागा सोडून परत बसली तर काय होईल ते लिहीत न्हाई, सकाळची वेळ हाय.

त्याहून वाईट म्हणजे गॅसवाले. काही जण स्प्रिंग न काढताच गॅसकटरने लाल करतात आणि गाडी आपल्या वजनाने बसवतात. स्प्रिंगचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, उतरलं की संपलं, ती मग स्प्रिंग न्हाई, वाकडी सळई. वर्षभरात एक बाजू बसते, गाडी लंगडी उभी राहते. असल्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नकोस.

—

मु_पो_चाकण · १० जानेवारी, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. पोटापाण्यासाठी हेच करतो, त्यामुळे लांबेल.

नानांनी टोकाचं सांगितलं, मी कडकपणाचं सांगतो. स्प्रिंगचा कडकपणा चालू वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. सहातला एक वेढा गेला की स्प्रिंग सहा भागिले पाच, म्हणजे २० टक्के कडक होते. पण आता गंमत बघा. समजा एका चाकावर ३०० किलो आहेत आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला २० न्यूटनची आहे. तिच्यावर बसलेली गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा डोलते. स्प्रिंग २० टक्के कडक केली तर १.४२ वेळा. साध्या प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ च्या पट्ट्यात असतात, म्हणजे आपण अजून घरातच आहोत. निव्वळ एवढ्यावर कुणाची कंबर मोडत नाही.

मग मोडते कशाने? जागेने. चाकाला वर यायला जी मोकळी जागा असते, तीच तुम्ही विकत असता. समजा उभ्या गाडीत चाकाला वर यायला ८० मिमी आहेत. गाडी २५ ने खाली घेतली, उरले ५५. खड्ड्याचा तोच धक्का ८० ऐवजी ५५ मध्ये जिरवायचा तर स्प्रिंग ८० भागिले ५५ च्या वर्गाइतकी, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त कडक लागेल. ४० ने खाली घेतली तर उरले ४०, आणि लागेल चौपट कडक! बाजारातली लोअरिंग स्प्रिंग दुप्पट-चौपट नसते, पंचवीस-तीस टक्के कडक असते. (ती चौपट असती तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत दिली असती.) मग उरलेला धक्का कोण खातो? शॉकअपच्या दांड्यावर टोपीसारखा बसलेला बंपस्टॉप.

बंपस्टॉप शत्रू नाही. तो फेसाळ पॉलियुरेथेनचा असतो, टोकाला निमुळता, आधी मऊ आणि मग झपाट्याने कडक होत जाणारा. कारखान्यात आम्ही त्याला दुसरी स्प्रिंग म्हणूनच धरतो. पण तो मोठ्या धक्क्याला मदतीला यावा. ४० मिमी खाली गेलेली गाडी बऱ्याचदा उभी असतानाच त्याला टेकलेली असते. म्हणजे प्रत्येक बारीक उंचवट्याला तुम्ही स्प्रिंगवर नाही, रबरी ठोकळ्यावर चालताय. लोक म्हणतात 'स्प्रिंग फार कडक आहे'. बिचारी स्प्रिंग मधल्या मध्ये बदनाम.

म्हणून विकत घेण्याआधी मोजा. शॉकअपच्या दांड्यावर, अगदी नळीला टेकवून एक केबल टाय घट्ट बांधा. तुमचा रोजचा रस्ता फिरून या. नळी वर येताना टायला ढकलत नेते आणि टाय तिथेच राहतो. नळीपासून टायपर्यंत जेवढं अंतर, तेवढं चाक जास्तीत जास्त वर आलं. आणि टायपासून बंपस्टॉपपर्यंत जे उरलं, ती तुमची खरी शिल्लक.

—

खड्डेश्वर · १० जानेवारी, रात्री १०:०५

चाकणकर, हे वाचून दोन गोष्टी झाल्या. ४० वाला विषय संपला आणि केबल टाय आणले. रविवारी मोजतो.

—

मृण्मयी_जो · ११ जानेवारी, सकाळी ९:३०

माझ्या अनुभवाची भर. नवऱ्याने लग्नाआधी सिटी ४० ने खाली घेतली होती आणि वर १७ इंची अलॉय. लग्नानंतर ती माझ्या वाट्याला आली. डोंबिवली ते ठाणे दीड वर्ष चालवली. मी गरोदर राहिल्यावर सासूबाईंनीच ती गाडी बंद करवली, एवढ्यात काय ते समजा.

पण सस्पेन्शनइतकाच दोष त्या चाकांचा होता हे नंतर कळलं. चाकं जुन्या १५ इंचीवर परत घातली आणि निम्मा त्रास गेला. स्प्रिंगा त्याच!

दुसरं, ११ हजार किलोमीटरमध्ये पुढच्या टायरची आतली कड तारेपर्यंत गेली. बाहेरून टायर नवा दिसायचा. पंक्चरवाल्याने हात आत घालून दाखवला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एक्सप्रेसवेवर त्याच टायरवर १०० ने जात होते मी.

—

मु_पो_चाकण · ११ जानेवारी, दुपारी १:१०

मृण्मयी, अगदी नेमकं. टायरची भिंत हीसुद्धा स्प्रिंगच. पोलोच्या १८५/६० आर १५ ची भिंत १११ मिमी, २०५/४५ आर १७ ची ९२. वर १७ इंची चाक जड असलं तर ते खड्ड्यात आदळल्यावर गाडीला हादरा जास्त. गाडी खाली घेणाऱ्याने चाक मोठं करण्याचा मोह सोडावा. फट बुजवायला दोन्ही एकदम लागत नाहीत.

आतली कड जाते ती लोक समजतात तशी फक्त कॅम्बरने, म्हणजे चाकाच्या वर-खाली तिरकेपणाने नाही. गाडी खाली आली की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आणि स्टिअरिंगचा टाय रॉड यांचे कोन बदलतात आणि चाकांची तोंडं आत-बाहेर होतात, म्हणजे टो बिघडतो. कॅम्बर थोडा वाढला तर टायर हळू खातो, टो बिघडला तर टायर खिसणीवर धरल्यासारखा जातो. नव्या स्प्रिंगा बसल्यावर लगेच एकदा आणि त्या बसून स्थिर झाल्यावर, पाचशे-हजार किलोमीटरनी, पुन्हा एकदा अलाइनमेंट. दुसरी बहुतेक जण विसरतात.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) गाडीत वजनाचा मध्य जेवढा खाली येतो, त्याहून जास्त खाली 'रोल सेंटर', म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, जातो. लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसायला लागला की समजा हद्द झाली. अशी गाडी वळणावर झुकायला आधीपेक्षा जास्त बघते, आणि फक्त स्प्रिंग कडक आहे म्हणून झुकत नाही. म्हणजे 'खाली घेतली की हँडलिंग सुधारतं' हे एका मर्यादेपर्यंतच खरं.

—

ष्टुटगार्टकर · ११ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

खड्डेश्वर, तुमची गाडी पोलो आहे म्हणून एक धोक्याची सूचना. खोक्यावर लिहिलेला आकडा हा इथल्या, म्हणजे युरोपातल्या पोलोच्या उंचीपासून मोजलेला असतो. भारतातली पोलो मुळातच उंच करून दिली आहे. स्प्रिंगला तुमची गाडी आधी किती उंच होती हे माहीत नसतं! ती गाडीला तिच्या हिशोबाच्या उंचीवर आणून ठेवते. म्हणजे '३० मिमी' लिहिलेली स्प्रिंग तुमच्याकडे ३० पेक्षा बरीच जास्त खाली नेणार. ज्याने ४० दाखवली त्याला हे माहीत असावं असं वाटत नाही. खोक्यावर कमीत कमी आकडा असलेली घ्या. आणि तुमच्या इंजिनाचं पुढच्या ॲक्सलवरचं वजन जुळतंय का ते यादीत बघा, डिझेलची स्प्रिंग पेट्रोलला लावू नका.

शॉकअपबद्दल. शॉकअप बनवणाऱ्या बिलस्टाइनचं उदाहरण देतो कारण त्यांची विभागणी लक्षात ठेवायला सोपी: बी४ हा मूळच्यासारखा, बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी जरा कडक, आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड दांड्याचा. आखूड का, तर जुना लांब शॉकअप खाली घेतलेल्या गाडीत आपल्या तळाच्या जवळ काम करत राहतो. बी८ माझ्या गाडीत आहे. मोठ्या वेगाला सुरेख, पण दगडी फरसबंदीच्या जुन्या गल्लीत ३० ने जाताना दात वाजतात. आई मागे असेल तर मी तरी ट्विन-ट्यूब, म्हणजे दुहेरी नळीचा जरा मऊ शॉकअप शोधीन.

अवांतर: इथे स्प्रिंग बदलली की तिच्याबरोबर आलेले कागद घेऊन ट्युफसारख्या संस्थेकडे तपासणी करून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करावी लागते. माझ्या वेळी तपासणाऱ्या आजोबांनी चाक एका ठोकळ्यावर चढवलं, कमानीत टॉर्च मारली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासतोय का बघितलं. पंधरा मिनिटं. मग शिक्का.

—

वकील_काकू · १२ जानेवारी, सकाळी ११:००

कागदांचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, त्यात परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्प्रिंगचा कडकपणा आरसीवर छापलेला नसतो, हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. रस्त्यावर हवालदारासमोर तो करायची हौस असेल तर करा. करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.

—

रंकाळा_एक्सप्रेस · १२ जानेवारी, दुपारी ३:३०

काकू बरोबर आहेत, पण मला एक शंका. फक्त पुढून खाली घेतली तर? फट पुढेच जास्त दिसते. मागे आई बसते, मागचं जसंच्या तसं राहू दे.

—

मु_पो_चाकण · १२ जानेवारी, रात्री ९:१५

हा विचार सगळ्यांना येतो. गणित उलटं पडतं. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, थोड्या वेळाने मागच्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डोलणारी ठेवली तर ती पुढच्याला गाठते आणि दोन्ही बाजू एकत्र शांत होतात. १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली या इंजिनिअरने हे मांडलं, आजही पाळतात. पुढे कडक स्प्रिंग, मागे जुनी मऊ, असं केलंत की गाडी नाक-शेपूट करत झुलते. सी-सॉच्या टोकावर कोण बसलंय? आई.

कडक शॉकअपबद्दल ष्टुटगार्टकरांशी सहमत. स्प्रिंग २० टक्के कडक झाली तर शॉकअपचा आवर (डोलणं थांबवण्याची ताकद) त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण १० टक्के वाढवावा लागतो. दुप्पट नाही! 'स्पोर्ट' लिहिलेलं बघून घेऊ नका. धक्क्याची कंपनसंख्या ओळखून बारीक खडबडीत मऊ होणारे शॉकअप असतात. रांजणगावात बनणाऱ्या जीप कंपासमध्ये तसे होते. तुमच्या गाडीला मिळाले तर सोनंच.

—

खड्डेश्वर · १४ जानेवारी, रात्री ९:५०

मोजमाप झालं. गुडघ्यावर बसून, टॉर्च तोंडात धरून, डस्ट कव्हर वर सरकवून टाय बांधले. शेजारच्या काकांनी विचारलं, राखी बांधताय का गाडीला?

कोथरूड ते वारजे साध्या रस्त्याला पुढे टाय २६ मिमी वर सरकला. म्हटलं वा, भरपूर शिल्लक आहे. मग सोसायटीबाहेरचा स्पीडब्रेकर २० ने घेतला. टाय थेट बंपस्टॉपच्या बुडाशी. म्हणजे माझी न छेडलेली, उंच, कंपनीची गाडी आत्ताच तिथे टेकतेय!

त्या स्पीडब्रेकरवर राग निघाला म्हणून टेप घेऊन गेलो. रस्त्यांच्या मानकात, आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीत, उंची १० सेमी आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली होती, २५ च्या वेगासाठी. आमचा उंचीला १४ सेमी आणि रुंदीला जेमतेम सव्वा मीटर. हा गतिरोधक नाही, समाधी आहे.

पण निष्कर्ष काय काढू? आत्ताच टेकतेय तर २० ने खाली घेतल्यावर काय होईल?

—

मु_पो_चाकण · १४ जानेवारी, रात्री १०:३०

त्या समाधीवर कुठलीही गाडी टेकेल, तो प्रश्न वेगाचा आहे. महत्त्वाचा आकडा २६. रोजच्या रस्त्याला लागणारे २६ मिमी सुटे राहायला हवेत, म्हणजे रोज तुम्ही स्प्रिंगवर चालाल आणि ठोकळा फक्त समाधीला लागेल. गाडी उभी असताना नळीपासून बंपस्टॉपपर्यंत किती आहे?

—

खड्डेश्वर · १४ जानेवारी, रात्री १०:४१

पुढे ४१.

—

मु_पो_चाकण · १४ जानेवारी, रात्री १०:५२

मग नुसती स्प्रिंग टाकली तर तुमची हद्द १५ मिमी. २५ हवे असतील तर बंपस्टॉप आखूड लागेल. काही स्प्रिंगांबरोबर आखूड येतो, काहींच्या सूचनापत्रकात मूळचा किती कापायचा ते दिलेलं असतं. त्या आकड्यापुढे एक मिमी जास्त कापू नका, आणि अजिबात काढून तर टाकूच नका. त्याच्याशिवाय शॉकअपचा तळ लागतो किंवा टायर कमानीला.

—

नाना_फिटर · १५ जानेवारी, सकाळी ७:०५

भावा, काम कुणाकडे करशील तिथे दोन गोष्टी बघ. एक, पोलोचा स्ट्रट नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागात, आवळून बसलेला असतोय. तो सोडवायला नकल फाकवायचा स्प्रेडर लागतोय. त्याच्याकडे स्प्रेडर नसला आणि छिन्नी-हातोडा काढला, की चावी परत माग.

दोन, लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, नट गाडी लिफ्टवर लोंबत असताना फायनल टाईट करू देऊ नकोस. ते रबर बोल्टला धरून पिळलं जातंय. हवेत आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलंच. गाडी कडक लागते, वर वर्षात बुश फाटतंय, आणि सगळे स्प्रिंगला शिव्या घालतात. गाडी चार चाकांवर टेकवायची, दोनदा दाबून हलवायची, मग आवळायचं. हे फुकटचं कम्फर्ट हाय, कुठल्या खोक्यात मिळत न्हाई.

—

खड्डेश्वर · २३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. काम झालं. (किती गेले ते लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.)

आधी अर्ज. काकूंचं ऐकून आरटीओत आणि विमा कंपनीकडे दोन्हीकडे लेखी विचारलं, त्यात तीन आठवडे गेले. उत्तरांची फाईल आता गाडीतच असते.

घेतलं काय: खोक्यावर १५ लिहिलेल्या स्प्रिंगा, आखूड दांड्याचे पण ट्विन-ट्यूब शॉकअप, नवे आखूड बंपस्टॉप, वरचे माउंट आणि बेअरिंग. टायर तेच १८५/६०. गॅरेज नाव न घेता सांगतो, स्प्रेडर होता. मी विचारल्यावर मिस्त्री हसला आणि म्हणाला, कोण शिकवून पाठवतं तुम्हाला?

जुना स्ट्रट बाहेर आला तेव्हा मी तिथे उभा होतो. कव्हर सरकवलं आणि पिवळट बंपस्टॉप बोटाने दाबला, तर शिळ्या केकसारखा त्याचा भुगा झाला. अर्धा आधीच झडून कव्हरच्या तळाशी साठलेला. दहा वर्षांत त्याचं काय झालंय हे कुणी बघितलंच नव्हतं. मागच्या डाव्या शॉकअपला तेल. दांडा हाताने दाबून सोडला तर वर यायचं नाव नाही. म्हणजे ज्या कम्फर्टसाठी मी एवढा जीव टाकत होतो, तो मुळात उरलाच किती होता?

उंची चाकाच्या मधल्या टोपीपासून कमानीच्या कडेपर्यंत मोजून ठेवली होती, हवा कमी-जास्त झाली तरी फरक पडू नये म्हणून. पहिल्या दिवशी पुढे २१ मिमी खाली, हजार किलोमीटरनंतर २६. मागे २३. खोक्यावर १५! ष्टुटगार्टकर, तुमचे पाय कुठे आहेत? ३० वाली घेतली असती तर आज धागा वेगळा असता.

अलाइनमेंट दोनदा केली. दुसऱ्या वेळी टो पुन्हा सरकलेला निघाला, मशीनवर लाल आकडे.

गाडी कशी चालते? कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाताना पुलांचे सांधे येतात ना, तिथे आधी 'धड-धड, आणि मागून एक हिंदकळा' असं व्हायचं. आता नुसतं 'धड-धड'. हिंदकळा गेला. बारीक खडी, पेव्हर ब्लॉक, रम्बलर इथे आधीपेक्षा थोडं जास्त कळतं, खोटं बोलणार नाही. खंबाटकी चढताना गाडी वळणात एकदाच झुकते आणि तिथेच राहते, मध्येच विचार बदलत नाही.

—

मु_पो_चाकण · २४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

अभिनंदन. पण एक खडा टाकतो. तुमची तुलना झिजलेल्या जुन्याशी आहे, नव्या कंपनी फिटिंगशी नाही. मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे बंपस्टॉप घातले असते तर गाडी याहून मऊ लागली असती, यात मला शंका नाही. 'खाली घेतल्यावर कम्फर्ट वाढला' असं वाचून उद्या कुणीतरी दोन वर्षांची ठणठणीत गाडी घेऊन जाईल आणि तुम्हाला शिव्या घालेल.

—

खड्डेश्वर · २४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

मान्य, शंभर टक्के. माझं वाक्य असं वाचावं: जेवढा गमवायला हवा होता त्यापेक्षा बराच कमी गमावला.

—

साधा_माणूस · २५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

आणि समाधी?

—

खड्डेश्वर · २५ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

तिरकी घेतो, एकेक चाक चढवत, पहिल्या गिअरमध्ये. चौघं बसलो तर दोघं उतरतात. एकदा खाली लोखंडी पत्रा खरवडला, इंजिनचं गार्ड होतं, चेंबर वाचलं. एवढी किंमत मोजायची तयारी नसेल त्यांनी या धाग्यापासून लांब राहावं.

—

मृण्मयी_जो · २५ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

मुख्य निकाल राहिला. आमटी?

—

खड्डेश्वर · ८ मार्च, रात्री ९:३०

काल साताऱ्याला जाऊन आलो. डबा उघडला. आमटी झाकणाला लागलेली नाही, कडेला दोन बोटं वर आलेली, म्हणजे पूर्वीइतकीच. आईने काही न बोलता डबा मावशीकडे दिला. आमच्याकडे ही पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण समजली जाते.

गाडी खाली घेतली आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. परत आल्यावर दारात उतरली, एक पाय फुटपाथवर ठेवला आणि थबकली. म्हणाली, "सोसायटीने हा कट्टा उंच केला का रे?"

मी म्हटलं, हो, गेल्या महिन्यात.

—

नाना_फिटर · ९ मार्च, सकाळी ७:१०

नाद खुळा. आणि ते मांजर?

—

खड्डेश्वर · ९ मार्च, सकाळी ८:२५

शेजारच्या क्रेटाच्या टायरवर शिफ्ट झालंय.